डेल्बर्ट ‘वा’ म्हणाला त्याची गोष्ट

रविवारची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये डेल्बर्ट हचिन्सने ग्रेचेन व्हॉसच्या हातचा चहा घेतला, एक घोट प्यायला, समाधानाने डोळे मिटले आणि म्हणाला, “वा!”

शेजारच्या खुर्चीवर त्याची बायको लॉर्ना बसली होती. तिच्या हातातला बिस्किटाचा तुकडा हातातच राहिला. त्यांच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. या चौतीस वर्षांत तिने या माणसाला चौतीस टर्की भाजून घातल्या होत्या, सफरचंदाचे गोड ‘ॲपल पाय’ किती केले याची तर गणतीच नव्हती, आणि प्रत्येक वेळी “कसं झालंय?” या प्रश्नाला त्याचं उत्तर एकच असायचं. “ठीक आहे.” देवाने या माणसाला ‘वा’ हा शब्दच दिलेला नाही, अशी स्वतःची समजूत घालून लॉर्नाने संसार केला होता. आता कळलं की शब्द होता. त्याने तो शेजारणीसाठी राखून ठेवला होता.

“दुसरा कप घेऊ का गं?” डेल्बर्टने विचारलं.

“मला काय विचारतोस? तुझं पोट आहे,” लॉर्ना म्हणाली. डेल्बर्टने खरंच दुसरा कप घेतला.

ग्रेचेन व्हॉस जूनमध्ये कोलंबस शहरातून टिलबरी गावात राहायला आली होती. वय चौतीस. म्हणजे लॉर्नाच्या लग्नाएवढं. घर लॉर्नाच्या घराच्या बरोबर समोर. ती हसरी होती, मदतीला धावणारी होती, पायऱ्यांवर भोपळे मांडायची तर तेही लहानमोठे असे नजरेला गोड दिसतील असे मांडायची. थोडक्यात, तिचा राग यायला काहीही कारण नव्हतं, आणि याचाच लॉर्नाला राग यायचा. या बाईने त्या रविवारी ‘शरदाचा मसाला लाटे’ आणला होता. काळा चहा, दूध, दालचिनी, लवंग, सुंठ, जायफळ, त्यात म्हणे शिजवलेल्या लाल भोपळ्याचा गर आणि वर बोटभर फेस. दुधाच्या चहात सुंठ आणि लवंग घालायची कल्पना जगात प्रथम ग्रेचेनला सुचली, असं सगळ्या हॉलचं मत पडलं. मी, त्या हॉलमधला एकटाच मराठी माणूस, तिथेच कप घेऊन उभा होतो. मी काही बोललो नाही. मला त्या गावात राहायचं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर लॉर्नाने ते ‘वा’ गिळलंही असतं. पण तेवढ्यात मॅक्सीन ट्रॉटर आली. मॅक्सीन म्हणजे सुगीच्या जेवणाच्या समितीची अध्यक्ष. तिच्या वरच्या ओठावर फेस होता आणि हातात तिसरा कप होता.

“लॉर्ना, बाई, प्यायलीस का तू हे? मी म्हणते, यंदा शनिवारी पेयांच्या टेबलावर हाच ठेवू या की!”

“आणि माझा सायडर?” लॉर्नाने विचारलं.

“सायडर आहेच गं. सायडर काय, दरवर्षीचाच.”

दरवर्षीचाच! लॉर्नाच्या अंगाचा तिळपापड झाला.

पेयांचं टेबल म्हणजे काय हे टिलबरीत कुणाला सांगावं लागत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सुगीचं जेवण असतं. दोनशे माणसं थंडीतून आत येतात आणि दाराशीच ते टेबल असतं. अकरा वर्षं त्या टेबलामागे लॉर्ना हातात पळी घेऊन उभी राहत होती. सफरचंदाचा गरम मसालेदार रस, तिचा तो सायडर, कपात ओतत होती. कुणाचा गुडघा बदलला, कुणाची सून आली, कुणाची गेली, सगळं तिला पहिल्यांदा कळायचं. सायडरची कृती तशी गुप्त नव्हती. छपराच्या दुरुस्तीसाठी चर्चने बायकांच्या पाककृतींचं पुस्तक काढलं होतं, त्यात पान एक्केचाळीसवर ती छापलेली होती. तरी गावात कुणालाही तो सायडर जमला नव्हता. “हाताला चव असावी लागते,” लॉर्ना अशा वेळी खाली बघून म्हणायची.

तिची मुलगी शिकागोला होती, मुलगा टेक्सासला. ती दोघं गेल्यापासून घरात वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस लॉर्नाकडे कुणी काही मागत नव्हतं. डेल्बर्टही नाही, तो स्वतःची कॉफी स्वतः करायचा. त्या एका संध्याकाळी दोनशे माणसं तिच्यासमोर कप पुढे करून उभी राहायची. ती संध्याकाळ तिला कुणालाही द्यायची नव्हती.

“असं करू,” मॅक्सीन म्हणाली, “गुरुवारी दुपारी दोन वाजता तुझ्याच घरी जमू. तू, मी, ग्रेचेन आणि पास्टर. दोन्ही चाखू आणि ठरवू. टेबल एकच आहे, आणि गरम ठेवायचं मोठं भांडंही एकच आहे.”

“या की,” लॉर्ना म्हणाली. तिच्या हसण्यात तिचे फक्त दात सामील होते.

घरी परतताना गाडीत तिने पर्स मांडीवर आपटली. मग म्हणाली, “फेस होता म्हणून आवडला तुला.”

“काय?”

“चहा. फेस काय, साबणालाही येतो.”

डेल्बर्टने गाडीचा वेग जरा कमी केला आणि काही बोलला नाही. संसारात केव्हा काय बोलू नये हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अडचण एवढीच की लॉर्नाला त्याचं न बोलणंही ऐकू यायचं.

सोमवारी सकाळपर्यंत तिचा बेत ठरला. सायडर तर तिचा होताच. त्याच्या जोडीला मसाला लाटेही तिनेच करायचा, आणि ग्रेचेनपेक्षा सरस करायचा. मग मॅक्सीनच म्हणेल, लॉर्ना दोन्ही करते तर त्या पोरीला कशाला त्रास? लाटेची कृती ग्रेचेनला विचारली असती तर तिने आनंदाने सांगितली असती. पण विचारणं म्हणजे हार मानणं. लॉर्नाने कृती जिभेवरच्या आठवणीतून शोधायचं ठरवलं. तिने त्या रविवारी त्या चहाचा एकच घोट घेतला होता, आणि तोही रागात.

पहिला प्रयत्न सोमवारी झाला. भोपळ्याचा गर चहात विरघळेना, तो तळाशी जाऊन बसला.

डेल्बर्टने वरचा चहा प्यायला आणि तळाकडे बघत विचारलं, “हे चमच्याने खायचं का?”

“कसं झालंय ते सांग.”

“ठीक आहे.”

मंगळवारी गर गाळून घेतला, तर जायफळ जास्त पडलं आणि डेल्बर्ट दुपारी अडीच ते साडेपाच खुर्चीत झोपला. उठल्यावर तो “ठीक आहे” म्हणाला, पण ते झोपेबद्दल होतं की चहाबद्दल, हे कळलं नाही.

बुधवारी चव बरीच जवळ आली, पण फेस येईना. ग्रेचेनकडे फेस काढायचं यंत्र होतं. लॉर्नाच्या बहिणीने फोनवर सांगितलं, अगं, काचेच्या बरणीत गरम दूध घाल, झाकण लाव आणि गदागदा हलव. लॉर्नाने दूध चांगलं उकळतं घेतलं, कारण ती कुठलंही काम अर्धवट करत नसे. झाकण घट्ट लावलं आणि डोळ्यांसमोर ग्रेचेनचा चेहरा आणून बरणी हलवायला सुरुवात केली. चौथ्या हिसक्याला झाकण उडालं, दिव्याच्या काचेवर आपटलं, आणि दूध छतावर गेलं. नशीब, तिने ओव्हनचे जाड हातमोजे घातले होते.

डेल्बर्ट शिडी घेऊन आला. वर चढून छत पुसता पुसता म्हणाला, “फेस आलाय बघ. इथे वर छान आलाय.”

“उतर खाली!”

“लॉर्ना, तुझा सायडर आहे ना चांगला? कशाला या भानगडीत पडतेस?”

“चांगला? तुला कधीपासून चांगला वाटायला लागला? तुझ्या तोंडून ‘ठीक आहे’च्या पुढे काही ऐकलं नाही मी. ‘वा’ म्हणायला तुला समोरचं घर लागतं!”

डेल्बर्ट शिडीवरच थांबला. “त्याचं काय आहे, ते ‘वा’...”

“मला नाही ऐकायचं.”

डेल्बर्टने ओला फडका पिळला आणि छत पुसत राहिला.

गुरुवार उजाडला. दुपारी दोनला मंडळी येणार आणि लॉर्नाकडे सायडर तयार होता, लाटे नव्हता. साडेअकराला तिला तिच्या पसरट काचेच्या भांड्याची आठवण झाली. जूनमध्ये ग्रेचेन राहायला आली तेव्हा लॉर्नानेच त्या भांड्यातून ओव्हनमध्ये भाजलेले बटाटे नेऊन दिले होते. भांड्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी आणि तिच्यावर शाईने ‘हचिन्स’. चार महिने झाले, भांडं परत आलं नव्हतं. टिलबरीत शेजाऱ्याचं भांडं आठवड्याच्या आत परत जातं, आणि रिकामं जात नाही, त्यात काहीतरी घालून जातं. ग्रेचेनला एवढीही रीत नाही, हे लॉर्नाने निम्म्या गावाला फोनवरून कळवलं होतं. आता भांडं मागायला म्हणून जायचं आणि स्वयंपाकघरात नजर टाकून यायची. दुपारी लाटे घेऊन येणार म्हणजे आत्ता तिची तयारी चाललेलीच असणार!

कोट चढवून, हातात नेहमीचा कॉफीचा थर्मास घेऊन ती रस्ता ओलांडून गेली. रोज फिरायला निघताना तो थर्मास तिच्या हातात असायचाच, त्यामुळे संशयाला जागा नव्हती.

ग्रेचेनने दार उघडलं. तिचे केस विस्कटलेले होते आणि गाल लाल झालेले होते. “लॉर्ना! तुम्ही? आत्ता?”

“भांडं न्यायला आले होते गं. आज पाहुणे येणारेत ना, लागेल मला.”

“भांडं! अगं बाई... म्हणजे हो, हो. देणारच होते मी, पण त्यात काही घालून द्यावं म्हणून... या ना आत.”

आत पाऊल टाकलं आणि लॉर्नाच्या नाकात दालचिनी आणि लवंगेचा वास शिरला. शेगडीवर मोठं पातेलं होतं आणि त्यात गडद तपकिरी रंगाचं काहीतरी मंद उकळत होतं. लॉर्नाची नजर तिकडे गेल्याचं पाहून ग्रेचेनने झटकन पातेल्यावर झाकण टाकलं.

“काय करतेस?”

“काही नाही! असंच. घरात छान वास यावा म्हणून...”

लॉर्नाने मनात टाळी वाजवली. सापडलं! हाच तो अर्क. तीन दिवस ती चहात मसाले टाकून मरत होती. आणि ही बाई मसाले वेगळे तासतासभर उकळते, त्यांचा अर्क काढते आणि मग तो दुधात घालते. सरळ मनाची असती तर झाकण कशाला टाकलं असतं?

“भांडं गॅरेजमधल्या फळीवर आहे, आणते हं,” असं म्हणून ग्रेचेन मागच्या दाराने गेली.

लॉर्ना हचिन्स चर्चमध्ये तीस वर्षं लहान मुलांना रविवारचे धडे शिकवत होती. चोरी करू नये हा धडा दरवर्षी सप्टेंबरात येतो. शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये, हा त्याच्या पुढच्याच आठवड्यात. पण हा होता ऑक्टोबर. तिने थर्मासातली कॉफी सिंकमध्ये ओतली, पातेल्याचं झाकण उचललं, पळीने चार पळ्या अर्क थर्मासात घेतला, झाकण पूर्ववत ठेवलं आणि खिडकीतून बाहेर बघत उभी राहिली. ग्रेचेन भांडं घेऊन आली तेव्हा बाहेर पडायच्या घाईत ती तिला “आभारी आहे” म्हणायलाही विसरली.

घरी येऊन तिने अर्क चमचाभर चाखला. आंबट होता, चांगलाच. संत्र्याची सालही होती त्यात, आणि सफरचंदाचा स्वाद. लबाड कुठली, संत्र्याच्या सालीची युक्ती तर माझी! पण आंबटपणाचं तिला नवल वाटलं नाही. अर्क म्हटला की उग्र असणारच, दूध-साखर पडली की निवळेल. एरवी लॉर्नाचं नाक असं की बंद डब्यातली लवंग कुठल्या वर्षीची ते सांगेल. पण मत्सराची सर्दी झाली की चांगली चांगली नाकंही चोंदतात. करून बघायला वेळ नव्हता, कारण छतावर राहिलेला एक डाग तिला तेव्हाच दिसला आणि ती शिडीवर चढली.

बरोबर दोनला मंडळी आली. मॅक्सीन वही घेऊन आली. पास्टर एल्सवर्थ नेहमीचं सौम्य हसू घेऊन आले. अठ्ठावीस वर्षं ते या चर्चमध्ये होते, आणि या काळात गावातल्या बायकांनी पुढे केलेलं काहीही त्यांनी नाकारलेलं नव्हतं. ग्रेचेन स्वतःच्या लाटेची किटली घेऊन आली. डेल्बर्ट कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला.

आधी सायडर झाला. “नेहमीसारखाच,” मॅक्सीन म्हणाली आणि तिने वहीत खूण केली. ग्रेचेनने आपला कप दोन्ही हातांत धरला होता. ती एकेक घोट तोंडात घोळवत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. ते पाहून लॉर्नाच्या जिवाला फार बरं वाटलं.

“आता ग्रेचेनचा लाटे,” मॅक्सीन म्हणाली.

“थांबा,” लॉर्ना म्हणाली. “तिला कशाला त्रास? मसाला लाटे मीही केलाय. आमच्या घरी जुनी पद्धत आहे. माझ्या आजीपासूनची.”

डेल्बर्टने मान वर केली. आजीची पद्धत त्याला नवीन होती.

लॉर्नाने पाच कपांत चहा ओतला. थर्मासातला अर्क गरम करून आणला आणि प्रत्येक कपात घातला. वास असा सुटला की मॅक्सीनच्या तोंडून आपोआप “आहाहा” निघालं. मग लॉर्नाने गरम दूध घेतलं आणि उंचावरून झोकात धार सोडली.

दूध फाटलं.

एका कपात नव्हे, पाचही कपांत. टेबलावर ताज्या इस्त्रीचा टेबलक्लॉथ, त्याच्यावर लग्नातले कप, आणि प्रत्येक कपात वर पांढऱ्या गुठळ्या आणि खाली गढूळ पाणी. मॅक्सीनने वहीवरचं पेन्सिलीचं टोक उचललं. पास्टर एल्सवर्थनी मात्र कप उचलला, एक मोठा घोट घेतला, तो बराच वेळ तोंडात धरला आणि शेवटी गिळला.

“वेगळा आहे,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

डेल्बर्टनेही उठून आपला कप घेतला. तो प्यायला, सगळा. लॉर्नाने त्याच्याकडे पाहिलं.

“ठीक आहे,” डेल्बर्ट म्हणाला.

आणि ग्रेचेनने कपातलं खालचं पाणी चमच्याने चाखलं मात्र, तिचा चेहरा एकदम उजळला. “हीच चव!” ती ओरडली. “अय्या, अगदी हीच! म्हणजे तुमचाही असाच होतो?”

“काय होतो?” मॅक्सीनने विचारलं.

“सायडर! पान एक्केचाळीसवरचा! मॅक्सीन, मी रविवारपासून चार वेळा केला. पुस्तकात दिलाय तस्सा. एक थेंब इकडचा तिकडे नाही. आणि दर वेळी असाच आंबट! आज सकाळी चौथं पातेलं उकळत होतं. म्हटलं, माझ्याच हातात काहीतरी खोट आहे.” तिने चमचा कपात टाकला. “रविवारी सगळे माझ्या चहाला चांगलं म्हणाले. पण पुढचं वाक्य सगळ्यांचं एकच. ‘पण तू शनिवारी लॉर्नाचा सायडर पी.’ पंचवीस जणांनी सांगितलं मला! मी इतकी जळले, लॉर्ना, काय सांगू. म्हटलं, तुमचं भांडं परत करायचंच आहे, त्याच्यासोबत तुमच्यासारखा सायडर करून द्यावा, म्हणजे तुमचंही तोंड बघण्यासारखं होईल. आणि तो मेला जमेचना!”

लॉर्नाने थर्मासाकडे पाहिलं. पातेलं. सफरचंद. संत्र्याची साल. आंबट!

“पण हा इथे कसा आला?” ग्रेचेनचं लक्ष आता थर्मासाकडे गेलं. “माझ्या सिंकमध्ये कॉफी...”

“मी घेतला,” लॉर्ना म्हणाली. आयुष्यात तिला इतकं छोटं वाक्य इतकं जड गेलं नव्हतं. “तू गॅरेजमध्ये गेलीस तेव्हा. चार पळ्या. मला वाटलं तुझ्या लाटेचा अर्क आहे.”

कुणी काही बोलण्याआधीच मॅक्सीनने फळीवरून पाककृतींचं पुस्तक ओढून काढलं होतं आणि पान एक्केचाळीस उघडलं होतं. ती मोठ्याने वाचायला लागली. “सफरचंदाचा ताजा रस एक गॅलन, दालचिनी, लवंगा, एका संत्र्याची साल, आणि... पाव कप व्हिनेगर.” तिने चष्म्यावरून बघितलं. “लॉर्ना, तू सायडरमध्ये व्हिनेगर घालतेस?”

घालते म्हणावं, तर अकरा वर्षांचा सायडर गावाने प्यायलेला होता. नाही म्हणावं, तर देवाच्या छपरासाठी काढलेल्या पुस्तकात तिने खोटं छापवलं होतं. नऊ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी कृती लिहून देताना तिच्या मनात आलं होतं, सगळ्यांनाच जमला तर मग माझ्यासमोर कप घेऊन कोण उभं राहील? आणि तिने ती एक ओळ वाढवली होती. ती ओळ तिने जगासाठी लिहिली होती. तिचं दूध त्याच ओळीने फाडलं.

“नाही घालत,” ती म्हणाली. “मुद्दाम लिहिलं होतं. कुणाला जमू नये म्हणून.”

मॅक्सीनने आता खरं तर लांबलचक भाषण केलं असतं, अध्यक्षांना ते शोभतंच. पण तिने पुस्तक घाईघाईने मिटलं. तिचे कान लाल झाले होते. त्याच पुस्तकात पान सतरावर मॅक्सीन ट्रॉटरचा प्रसिद्ध लिंबाचा केक होता.

पास्टर एल्सवर्थ हळूच म्हणाले, “मॅक्सीन, तुमच्या त्या केकमध्ये बेकिंग पावडर किती लिहिलीय हो?”

“का?”

“नाही, नऊ वर्षं आमच्याकडे तो केक दर महिन्याला होतो. एकदाही फुगला नाही.”

मॅक्सीनने पेन्सिल वहीत ठेवली आणि वहीही मिटली. “लिहिलीच नाहीये,” ती पुटपुटली.

पास्टरांनी कपातल्या गुठळ्यांकडे पाहिलं. “म्हणजे माझ्या बायकोच्या हाताला चव आहे तर!” ते म्हणाले. “आणि मी बिचारीसाठी प्रार्थना करत होतो.”

सगळ्यांत आधी ग्रेचेन हसली. मग पास्टर. मग मॅक्सीनलाही हसावंच लागलं. लॉर्ना हसली नाही. ती पदार्थांचे डाग पडलेल्या त्या पुस्तकाकडे बघत उभी होती. ग्रेचेन तिच्याजवळ आली.

“आता माझंही ऐका,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “माझा लाटे तयार मिळतो. खोक्यात. सुपरमार्केटात तिसऱ्या रांगेत, खालच्या फळीवर. मी फक्त दूध घालते आणि फेस काढते.”

“भोपळा?”

“चित्र आहे खोक्यावर.”

टेबलाचा निर्णय मॅक्सीनने विक्रमी वेळात दिला. दोन्ही पेयं ठेवायची, सायडर मोठ्या भांड्यात, लाटे किटल्यांमध्ये, आणि या घरात आज काय झालं ते बाहेर जायचं नाही. पास्टरांनी जाताना एवढंच सांगितलं की पुढच्या वर्षी पुस्तकाची नवी, दुरुस्त आवृत्ती काढू या, आणि त्याची घोषणा ते रविवारी करणार आहेत. त्यानंतरच्या आठवड्यात गावातल्या बऱ्याच बायकांना त्यांच्याशी खासगीत बोलायचं होतं म्हणतात.

सगळे गेल्यावर लॉर्नाने कप धुतले. डेल्बर्टने ते पुसले.

“चोर झाले मी,” लॉर्ना म्हणाली. “चोर आणि खोटारडी. आणि कशासाठी? तुझ्या एका ‘वा’साठी. खोक्यातल्या चहाला तू ‘वा’ म्हणालास, डेल्बर्ट. मला ते सहन झालं नाही, बस्स. मला आतून आग लागली.”

“चहाला कुठे म्हणालो?”

“मग कशाला?”

डेल्बर्टने कप उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा पुसला. “अकरा वर्षं चर्चमध्ये काहीही असलं की तू कुठल्या ना कुठल्या टेबलामागे असतेस. मी एकटा बसतो आणि मॅक्सीनच्या नवऱ्याच्या पाठदुखीबद्दल ऐकतो. त्या दिवशी चहा दुसरी कुणी देत होती. तू माझ्या शेजारी येऊन बसलीस. मला बरं वाटलं. म्हणून म्हणालो.”

लॉर्नाचे हात साबणाच्या पाण्यात थांबले. मग तिची नजर संशयी झाली. “मग दुसरा कप कशाला घेतलास?”

“कप रिकामा दिसला असता तर तू काहीतरी आणायला उठली असतीस.”

लॉर्नाने तोंड फिरवलं आणि धुतलेलाच एक कप पुन्हा धुवायला घेतला.

त्याच संध्याकाळी तिने एका कार्डावर सायडरची खरी कृती लिहिली, भांड्यात ॲपल पाय ठेवला, त्यावर कार्ड ठेवलं आणि रस्ता ओलांडून ग्रेचेनला दिलं. कार्ड हातातून सोडताना तिच्या बोटांनी ते क्षणभर घट्ट धरलं होतं, असं ग्रेचेन नंतर सांगायची. “शनिवारी सायडर तू कर,” लॉर्ना म्हणाली. “मी बसणार आहे.”

शनिवारी ती बसली. दाराशी ग्रेचेन हातात पळी घेऊन उभी होती. दोनशे माणसं तिच्यासमोरून जात होती, कप पुढे करत होती, आणि कुणाचा गुडघा, कुणाची सून, सगळं आता ग्रेचेनच्या कानावर पडत होतं. लॉर्ना दुसऱ्या रांगेत डेल्बर्टच्या शेजारी बसली होती. दोनदा ती खुर्चीतून अर्धी उठली. दोनदा डेल्बर्टने तिच्या कोटाची बाही धरली. मॅक्सीनचा नवरा येऊन पाठदुखीबद्दल बोलून गेला.

“सायडर अगदी तुझ्यासारखा झालाय गं!” एक बाई जाता जाता लॉर्नाला म्हणाली. लॉर्नाने फक्त दातांनी हसून दाखवलं.

डेल्बर्ट जाऊन दोन कप घेऊन आला. एक तिच्या हातात दिला, दुसऱ्यातला एक घोट स्वतः प्यायला. लॉर्नाने स्वतःच्या कपाला ओठ लावले नाहीत. ती डेल्बर्टच्या तोंडाकडे बघत होती. तो आता काय म्हणतो, यावर तिची शनिवारची रात्र, किंबहुना पुढचा सगळा हिवाळा अवलंबून होता.

“कसा झालाय?” तिने विचारलं.

डेल्बर्टने दुसरा घोट घेतला. विचार केला. टेबलाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं.

“व्हिनेगर कमी पडलंय,” तो म्हणाला.